केळीचा खार

अक्काने मडकं उचललं आणि भोंग्यातली टकटक मंदावली.

चुडामण पाठमोरा बसून तारेचं टोक घासत होता. त्याचा हात थांबला. गेले कित्येक दिवस तो ज्या आवाजाच्या सोबतीने झोपत आणि उठत होता, तो आवाज बदलला होता. त्याने वळून पाहिलं. खोलीत विशेष काहीच घडलं नव्हतं. त्याची थोरली बहीण तानुबाई कोपऱ्यातलं पापडखाराचं मडकं कमरेवर घेऊन दाराकडे निघाली होती, एवढंच.

"अक्का, थांब. ते मडकं व्हतं तथीच ठेव पाहू."

"कायले? बाया खोळंबल्या भायेर. पीठ भिजवाचं हाये."

"ठेव त. एकच मिनिट."

अक्काने मडकं भिंतीशी, टेबलाच्या पायाजवळ ठेवलं. चुडामणने डोळे मिटले. टकटक पुन्हा दाटली.

"आता उचल. ने भायेर."

टकटक विरळ झाली.

"आन आत."

चौथ्या खेपेला अक्काने मडकं आदळायच्या बेताने खाली ठेवलं. "अरे बाप्पा, मी काय मोटेचा बैल हाये का? पुढे जा, मांगं ये! तुह्या यंत्राले पापडाचा वास येतो का काय?"

"येतो," चुडामण म्हणाला. तो इतक्या हळू बोलला की अक्का हसायची थांबली आणि त्याच्याकडे बघत राहिली.

एकोणीसशे सेहेचाळीस सालचा मे महिना. असोद्याच्या जीवराम नारखेड्यांचा हा मुलगा पुण्याहून पदार्थविज्ञानाची एम.एस्सी.ची परीक्षा देऊन आला होता. वीतभर लांबीची काचेची नळी, तिच्यात तांब्याच्या पातळ पत्र्याचं नळकांडं, त्याच्या बरोबर मधून गेलेली केसाइतकी बारीक तार, आणि हवा काढून भरलेला आर्गन वायू व अल्कोहोलची वाफ. ही गायगरची नळी त्याने स्वतःच्या हाताने बनवली होती. नळीतून एखादा किरण गेला की तारेवर विजेचा ठोका पडे, रेडिओचे जुने व्हाल्व्ह तो मोठा करत आणि भोंग्यातून 'टक्' असा आवाज येई. जवळपास काही ठेवलेलं नसलं तरी नळी वाजतच असते, कारण आकाशातून विश्वकिरणांचा मारा अखंड चालू असतो. त्या किरणांचाच अभ्यास त्याच्या पुण्याच्या सरांना करायचा होता आणि त्यासाठी जूनपासून ते एकच विद्यार्थी घेणार होते.

सुट्टीत प्रयोगशाळा बंद, म्हणून सरांनी नळी घरी न्यायची परवानगी दिली होती. असोद्याला वीज नव्हती. जळगावात अक्काच्या घरी होती, म्हणून अक्काच्या घरची कोठीची खोली. महिनाभर रोज मोजायचं आणि नळी स्थिर चालते हे दाखवायचं, एवढंच काम होतं. पण पुण्यात शहाण्यासारखी वागणारी नळी जळगावात पहिल्याच दिवसापासून दीडपट वाजू लागली. चुडामणने रबरी वेष्टणं बदलली, विजेचा दाब कमी-जास्त केला, उन्हाने तापते म्हणून छपराच्या पत्र्यावर ओलं गोणपाट टाकलं. फरक नाही. शेवटी सरांना खरं ते कळवलं. सर नागपूरला परीक्षक म्हणून गेले होते. परतताना जळगावला उतरून स्वतः नळी पाहतो, असं त्यांनी कळवलं. नळी बिघडलेली निघाली तर जूनमध्ये पुण्याला जायचं कारण उरणार नव्हतं. चाळीसगावच्या एका हायस्कुलात शास्त्रशिक्षकाची जागा त्याच्यासाठी राखून ठेवलेलीच होती.

आणि आता अक्का मडकं पुन्हा उचलून दारात उभी होती.

"हा खार असोद्याचाच ना? केयीचा?"

"मंग? मायच्या हातचा. गेल्या दिवाईत केला, माघात ती गेली. आता कोन करतं इतकं? खोडं वायवा, जाया, राख भिजवा, निवयी गाया, आटवा." अक्काने मडक्यावरचं फडकं सारखं केलं. "बाजारचा आनते लोकं. तो निसता सोडा रायतो."

केळीची खोडं वाळवून जाळली, राखेची निवळी गाळून आटवली की उरतं ते पोटॅशियम. बाजारचा खार म्हणजे सोडियम. स्वयंपाकात दोन्ही पांढरे. पण सोडियमचे अणू शांत बसतात आणि पोटॅशियमच्या अणूंतले काही थोडे बसत नाहीत, फुटून किरण सोडतात. चाळीस वर्षांपूर्वी विलायतेत कोणीतरी हे शोधून काढलं होतं, बी.एस्सी.च्या पुस्तकात त्यावर दीड ओळ होती आणि ती परीक्षेत कधी विचारली जात नसे. चुडामणने ती वाचली होती. फक्त ती दीड ओळ आपल्या आईच्या मडक्याबद्दल आहे हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. नळीभोवतीचं सगळं त्याने तपासलं होतं. घरातलं मडकं तपासायचं असतं, हे असोद्याच्या माणसाला सुचणं कठीण होतं.

त्याने अक्काला समजावून सांगितलं. तिने मन लावून ऐकलं.

"म्हंजे खारातला बारीक कन फुटतो, आन तुही नयी टकटक करते."

"हो."

"आन आता कोनता फुटीन?"

"ते कोणालेच सांगता येत नाई. सरालेही नाई. किती फुटतीन ते सांगता येतं, कोनता ते नाई."

"इतकं शिकून?"

"इतकं शिकल्यावरच समजलं, की ते सांगता येत नाई."

अक्काला हे पटल्यासारखं दिसलं. "बरं," ती म्हणाली, "आता नेऊ का खार? का अजून दोन खेपा घालू?"

त्या दिवशी गल्लीतल्या बायकांचे पापड शेजारच्या लताबाईंच्या ओट्यावर होते. मे महिन्यात हे असंच चालायचं. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे, लाटायला सगळ्या. मडकं संध्याकाळी परत कोपऱ्यात आलं. पण तेवढ्यात वीज गेली आणि ती सकाळी आली तेव्हा सरांचा टांगा दारात उभा होता.

सर उंच, सडपातळ, खादीचा कोट घातलेले. खोलीत येऊन त्यांनी आधी सगळी जोडणी पाहिली, एका सांध्यावर बोट ठेवून "हे बरं केलंस" म्हणाले आणि मग खुर्चीवर बसून चुडामणचं म्हणणं ऐकलं. खाराचं नाव येताच ते गालात हसले.

"पोटॅशियम. कल्पना सुंदर आहे. म्हणूनच मला तिची भीती वाटते."

"सर, मी आत्ता दाखवतो. मडकं उचललं की..."

"थांब. नळी चालू करू नकोस. मडकं कुठे आहे हे तुला माहीत असलं की तुझे कान तुला हवं तेच ऐकतील. माझेही ऐकतील. जळगावचं ऊन आणि जळगावची वीज, दोन्ही नळीला चकवू शकतात. तू बाहेर जा."

चुडामण बाहेर गेला. सरांनी अक्काला हाक मारली. चार पत्रावळी मागितल्या, मीठ मागितलं, ज्वारीचं पीठ मागितलं, धुण्याचा सोडा मागितला. चौथ्या पत्रावळीवर कोपऱ्यातल्या मडक्यातला खार त्यांनी स्वतःच्या हाताने पसरला. मग कोणती कुठे हे अक्कालाही कळू नये म्हणून तिला दाराशी पाठवून पत्रावळींच्या जागा बदलल्या, मडकं परसात नेऊन ठेवलं आणि चारही पत्रावळी एकाच पातळ धोतराखाली झाकल्या.

एव्हाना ओसरीवर पापड लाटणाऱ्या बायका दाराशी गोळा झाल्या होत्या. सगळ्यांत पुढे लताबाई. माहेर धुळ्याकडचं, जळगावात वीस वर्षं काढूनही बोली तिकडचीच.

"काय शे हाई? सायेब मीठ-पीठनी पूजा करी ऱ्हायना का?" तिने विचारलं.

"परीक्षा हाये चुडामणची," अक्का म्हणाली. "पत्रावयीत खार कोनता ते नयीनं सांगाचं. हात लावाचा नाई, चाखाचं नाई."

"खार?" लताबाई म्हणाली आणि एकदम गप्प झाली. गल्लीत ती गप्प बसली याचं एखादीला तरी नवल वाटायला हवं होतं. पण सगळ्यांचे डोळे नळीकडे होते.

चुडामणने नळी लाकडी पट्टीला बांधून पहिल्या पत्रावळीवर धरली. सरांनी खिशातलं घड्याळ काढलं. टक्. टक्-टक्. टक्. हा नुसत्या आकाशाचा आवाज होता, पुण्यातला ओळखीचा. दुसरी पत्रावळ. तसाच. तिसरीवर ठोके क्षणभर दाटले. चौथीवर पुन्हा विरळ.

"झालं?" सरांनी विचारलं.

तिसरी म्हणावं, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण विस्कळीत ठोक्यांत कधी घोळका येतो, कधी पोकळी पडते. हेच तर तो गेलं वर्षभर शिकत होता. "पुन्हा मोजतो," तो म्हणाला.

त्याने पुन्हा मोजलं. प्रत्येक पत्रावळीवर आधीपेक्षा जास्त वेळ नळी धरली. बायका पायांची अदलाबदल करत उभ्या होत्या; ओसरीवर भिजवलेलं पीठ वाळू लागलं होतं. कोणीतरी "पीठ वायू ऱ्हायलं" म्हणून कुजबुजली, पण जागची हलली नाही. तिसरीवरचा घोळका या वेळी आला नाही. चारही पत्रावळी सारख्या वाजल्या.

चुडामणच्या कपाळावरून घाम ओघळून भुवईत उतरला. काल हीच नळी होती, हाच खार होता. कालची नळी खरी होती की आजची? की दोन्ही खोट्या? त्याने सांधे पाहिले, दाब पाहिला. सगळं जागच्या जागी होतं.

"सर, या चारांत केळीचा खार नाही."

"चुडामण, मी स्वतः मडक्यातून काढून ठेवलाय."

"आपण ठेवलाय. तरी नळी म्हणते नाही."

"नळी म्हणते, की तू म्हणतोस?"

"आज नळीवर विश्वास ठेवला नाही, तर महिनाभर मी काय मोजत होतो, सर?" चुडामण म्हणाला. "चारांत नाही."

सरांनी धोतर उचललं. तिसऱ्या पत्रावळीकडे बोट केलं. "हा खार."

सर घड्याळ खिशात ठेवत उठले. त्यांना वाईट वाटत होतं आणि ते लपवत नव्हते. "तू प्रामाणिक आहेस. पण नळीला खार ओळखता आला नाही, म्हणजे ती बिघडली आहे. काल उन्हाने वाजली असेल. शिक्षक तू फार चांगला होशील. चाळीसगावची जागा हातची जाऊ देऊ नकोस."

"थांबा ना सायेब."

लताबाई उंबरा ओलांडून आत आली होती. पिठाचे हात तिने पदराला पुसले, परत पुसले.

"तो खार केयना नही शे. बजारना शे."

"काय म्हनते?" अक्का वळली.

"काल तुन्हं मडकं मन्हा वट्टावर व्हतं. तुन्ही मायना हातना खार मी काढी लिधा नि बजारना भरी दिधा. पांढरं ते पांढरं, कोणले काय समजस?" तिने मान खाली घातली. "जेठमा पोरनं लगीन शे. रुखवतना पापड. तुन्ही मायना खारना पापड कसा फुगस, बठ्ठी गल्लीले ठाऊक शे. ती आते नही ऱ्हायनी. मागतू तं तू देती. पन तुले तरी कितला उरना शे, म्हनीसन मांगाले जीव नही व्हयना."

अक्काच्या आधी सर बोलले, आणि तेही जवळजवळ ओरडूनच. "बाई, तो कुठे आहे? तो खरा खार?"

"मन्हा घर. काय खाई टाका नही!"

"आणा. पळत जा!"

लताबाई खरंच पळत गेली. तिला पळताना गल्लीने प्रथमच पाहिलं असेल. सुपात खार घेऊन ती परत आली तेव्हा सर गुडघ्यांवर बसून नव्या पत्रावळी मांडत होते. त्यांनी चुडामणला पुन्हा बाहेर घालवलं, पत्रावळी मांडल्या, झाकल्या, त्याला आत बोलावलं. पहिली पत्रावळ: आकाश. दुसरीवर नळी नेली आणि भोंग्यातून आवाज सुटला, तापल्या कढईत लाह्या फुटाव्या तसा, एकावर एक, मोजायला उसंत न देणारा. बायका दोन पावलं मागे सरल्या आणि लगेच चार पावलं पुढे आल्या.

"दुसरी," चुडामण म्हणाला.

सरांनी जागा बदलल्या. "चौथी." पुन्हा बदलल्या. "पहिली." मग त्यांनी खार कुठेच न ठेवता चार पत्रावळींवर मीठच ठेवलं आणि चेहरा गंभीर करून बसले. "यांत नाही, सर," चुडामण म्हणाला, आणि सर इतके मोठ्याने हसले की टांगेवाला डोकावून गेला. खारावर अक्काची पितळेची ताटली झाकली, टकटक दबली. उचलली, उसळली. सरांनी अंगातला कोट काढून खुंटीला टांगला आणि नळी स्वतःच्या हातात घेतली. पुढची गाडी निघून गेल्याचं त्यांच्या लक्षातच आलं नाही.

"मघाशी तिसरी म्हणाला असतास," ते म्हणाले, "तर माझ्या हिशेबाने बरोबर ठरला असतास. मी तुला जूनमध्ये बोलावलं असतं आणि आपण दोघांनी आयुष्यभर एका खोट्या नळीवर भरवसा ठेवला असता. म्हणाला का नाहीस?"

"पुन्हा मोजल्यावर ती तिसरी राहिली नाही, सर."

अक्काने भाजलेला पापड पुढे केला. सरांनी तो नळीखाली धरून पाहिला, काहीच वाढ ऐकू आली नाही, तेव्हा मोडून खाल्ला. "जूनच्या पहिल्या आठवड्यात ये. आणि येताना हा खार आण. लढाई संपली तरी विलायतेहून रेडियम केव्हा येईल देव जाणे. रोज सकाळी नळी ठीक आहे ना हे पाहायला काहीतरी खात्रीचं लागतं. याच्याइतकं खात्रीचं माझ्याकडे काही नाही."

टांगा गेला. बायका पांगल्या. ओसरीवर पिठाचे गोळे ओल्या फडक्याखाली वाट पाहत होते. खोलीत अक्का आणि लताबाई सुपाच्या दोन बाजूंना बसल्या होत्या.

"चोट्टी," अक्का म्हणाली.

"शे," लताबाई म्हणाली.

अक्काने खाराचे तीन वाटे केले. एक लताबाईच्या पुढे सरकवला. "हा पोरीच्या रुखवताले. मायनंच दिला असता. घे, नाक वर ओढू नको." दुसरा आपल्या बाजूला ठेवला. तिसरा एका स्वच्छ फडक्यावर ओतला, चुडामणसाठी.

चुडामण भोंगा बंद करायला उठला होता. अक्का म्हणाली, "राहू दे जरासा." मग बराच वेळ ती आवाज ऐकत बसली.

"हा वाटा पापडात घातला त पुढच्या उन्हाळ्याच्या आत सरीन," ती म्हणाली. "तुह्या तथी किती दिवस वाजीन?"

चुडामणने उत्तर सोपं करून पाहिलं, पण ते सोपं होईना. "अक्का, हे वाजणं पृथ्वी नवी व्हती तेव्हापासून चालू हाये. कोट्यानुकोटी वर्सं वाजीन. आपण नसू, पुणं नसीन, जयगाव नसीन, तरी वाजीन."

"मायनं आटवलेला हाच?"

"हाच."

अक्काने आपल्या वाट्यातला खार ओंजळीने उचलला आणि फडक्यावरच्या ढिगात टाकला. दुसऱ्या ओंजळीत सूप रिकामं झालं. फडक्याची चारही टोकं जुळवून तिने गाठ मारली आणि ती दातांनी ओढून पक्की केली.

"लते, तो बाजारचा खार घे," ती उठत म्हणाली, "आन चल. पीठ वायतं."

ओसरीवर जाऊन ती पीठ तिंबायला बसली.